वाटणाऱ्याचा वाटा

ऑरिन ट्वेट आयुष्यभर काय करत होता असं मला कोणी विचारलं तर मी एका शब्दात सांगते, वाटण्या. संगणकशास्त्राचा प्राध्यापक म्हटल्यावर लोकांना वाटतं, हा यंत्रं उघडून बसत असेल. ह्या माणसाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. त्याचं सगळं डोकं एकाच प्रश्नात गुंतलेलं: वस्तू थोड्या आणि माणसं फार, तर कोणाला काय द्यावं म्हणजे दुसऱ्याचं पाहून कोणाच्या पोटात दुखणार नाही. ह्या पोटदुखीवर त्याने जन्मभर गणितं मांडली. कुठे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, कुठे शाळांचे प्रवेश, कुठे इस्पितळातल्या खाटा, सगळीकडे त्याची रीत वापरतात म्हणे. आमच्या डलूथमध्ये, अमेरिकेच्या ह्या उत्तरेकडच्या थंड गावात, तिला कोणी विचारलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मी लव्हॉन. ह्या विभागाचं ऑफिस मी सांभाळते, म्हणजे कोणाचा तास कधी आहे आणि कोणाचा चष्मा कुठे राहिलाय हे मी सांगते. ऑरिन आणि मी एकाच वर्षी इथे लागलो, त्यामुळे तो कितीही मोठा झाला तरी मला त्याचं कौतुक बेताचंच आहे.

त्याच्या शास्त्राचा पहिला नियम असा की वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं. ज्याने केक कापला त्याने इतरांनी ठेवलेला तुकडा उचलायचा, म्हणजे सुरी वाकडी पडत नाही. कागदावर हे ठीक आहे. ह्या भल्या माणसाने ते अंगाला लावून घेतलं. घरी दोन मुलगे होते, तर एकाने बिस्किट मोडायचं आणि दुसऱ्याने निवडायचं. दोघेही पुढे वकील झाले. विभागात काही वाटायचं निघालं की सगळे ऑरिनला पुढे करायचे, आणि वाटून झालं की जे कोणालाच नको ते त्याच्या गळ्यात यायचं. सकाळी आठचा तास त्याचा. डुगडुगणारं टेबल त्याचं. लिफ्टच्या यंत्राशेजारची बिनखिडकीची खोलीही त्याचीच, जिथे लिफ्ट वर गेली की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

आणि त्याला खिडकी हवी होती. तो हे कधी बोलला नाही, पण मला डोळे आहेत. रोज दुपारी तो आपलं सँडविच घेऊन माझ्या टेबलामागच्या खिडकीशी यायचा आणि उभ्याने खायचा. तिथून दोन इमारतींच्या फटीतून तळं दिसायचं. तळं आपलं म्हणायचं, त्याचा पलीकडचा काठ काही आम्ही इथून पाहिलेला नाही. मार्चअखेर बर्फ फुटला की वर्षाचं पहिलं जहाज येतं, बंदरावरचा पूल वर उचलतात आणि भोंगा सगळ्या गावाला ऐकू जातो. ऑरिनचे वडील असल्याच जहाजावर कामाला होते. भोंगा वाजला की तो तास अर्धा टाकून माझ्या खिडकीकडे पळायचा आणि फटीतून जहाजाचं जेमतेम शेपूट दिसायचं. यंदाच्या जूनमध्ये तो निवृत्त होणार होता.

जानेवारीत कडाक्याच्या थंडीने आमच्या इमारतीचे पाइप फुटले आणि भिंतींवर आतून बर्फ चढला. कॉलेजने आम्हाला टेकडीवरची एक रिकामी इमारत दिली. खोल्या चौदा आणि प्राध्यापकही ऑरिन धरून चौदा, पण खोल्या सारख्या थोड्याच असतात. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक, दोन्ही बाजूंना जमिनीपासून काचा, समोर सबंध तळं आणि पूल. बारा मधल्या, बऱ्यापैकी, त्यातली एक पुन्हा लिफ्टशेजारी. आणि एक तळघरात, जिथे जमिनीतून पाझरलेलं पाणी गोळा होतं आणि पंप ते बाहेर फेकतो. फेकतो म्हणजे लहर लागली तर.

आमच्या डीन टॅकेटबाई मूळच्या टेक्सासच्या. त्यांचा इथला हा दुसराच हिवाळा. त्या म्हणाल्या, तुमच्या विभागात वाटण्यांचा एवढा मोठा पंडित आहे, तर भांडता कशाला, त्याची रीत संगणकात घातलेली आहे ना, त्या यंत्राला विचारा आणि यंत्र सांगेल तसं करा. आम्ही भांडत नव्हतो. आम्ही कधीच भांडत नाही, आमचा रोगच तो आहे.

ऑरिन त्या दिवशी टाय लावून आला. एवढ्या वर्षांत त्याचं शास्त्र त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या ओळखीच्या माणसांवर पहिल्यांदाच चालणार होतं. पद्धत सोपी होती. प्रत्येकाला शंभर गुण, जी खोली जितकी हवी तितके तिला द्यायचे, आणि यंत्र सगळं जुळवून देणार. कोणी लबाडी केली तर, असं मी विचारलं. त्यावर तो लाजून हसला, कारण तीच तर त्याची कमाई होती. हवं त्यापेक्षा जास्त हवंय असं सांगून कोणाचाही काडीचा फायदा होत नाही, हे त्याने सिद्ध केलं होतं आणि त्यावरच त्याचं नाव झालं होतं. जगातल्या यच्चयावत हावऱ्या माणसांचा त्याने पक्का बंदोबस्त करून ठेवला होता.

ऑरिन सोडून तेराच्या तेरा प्राध्यापकांनी आपले सगळे गुण पंपाच्या खोलीला दिले.

मला काही नवल वाटलं नाही. दुसरं करणार काय होते बिचारे? कोपऱ्याची खोली मागितली आणि ते बाहेर फुटलं तर तोंड कुठे लपवायचं? आमच्या गावात घर पेटलं तरी माणूस बंबवाल्यांना म्हणतो, आधी शेजाऱ्याचं बघा, आमचं काय, निवांत जळतंय. आर्डिस क्वाम, आमची विभागप्रमुख, म्हणाली की उजेडाने तिचे डोळे चुरचुरतात. गॉर्डी माकी, जो अंगाने दारात मावत नाही, म्हणाला की त्याला लहान आणि ओलसर जागाच मानवते. बाकीच्यांनीही काही ना काही कारण शोधलं होतं.

यंत्र बापडं, त्याला माणसाचा स्वभाव काय ठाऊक. त्याने बघितलं की सगळ्यांचा जीव एकाच खोलीवर आहे, एकाला दिली तर बाकीच्यांच्या पोटात दुखणार. म्हणून त्याने पंपाच्या खोलीत बसायच्या पाळ्या लावल्या. उरलेल्या खोल्यांना एकही गुण मिळाला नव्हता, तेव्हा त्या टाकाऊ ठरवून कुलपं घालायला सांगितली. कोपऱ्याची खोली त्यांत सगळ्यांत मोठी, म्हणून ती मोडक्या खुर्च्या ठेवायला दिली. सफाईवाल्यांनी त्या खुर्च्या नीट रांगेत मांडल्या, तोंडं तळ्याकडे करून. मी एकदा दाराच्या काचेतून पाहिलं, खरंच सांगते. पाय मोडलेल्या खुर्च्या देखावा बघत बसल्या होत्या आणि शिकलीसवरलेली माणसं खाली गमबूट घालून पाण्यात.

पाळ्या सुद्धा धड चालेनात. आमच्याकडे निरोप घेणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पाळी संपलेला माणूस उठायचा, बरं निघतो म्हणायचा, मग दारात उभं राहून हवेबद्दल बोलायचा, मग पायरीवर उभं राहून रस्त्यांबद्दल बोलायचा. तोवर पुढच्याची पाळी उलटून जायची आणि त्यालाच निरोप घ्यायची वेळ यायची. महिन्याभरात निम्म्या लोकांनी त्या खोलीत बूड टेकलं नव्हतं. सर्दी मात्र सगळ्यांना झाली, ती समान वाटली गेली.

टॅकेटबाईंनी येऊन प्रत्येकाला विचारलं की कसं चाललंय. प्रत्येकाने नाक पुसत सांगितलं, काही वाईट नाही. बाई खूश. मत्सर शून्य, तक्रार शून्य, असलं वाटप त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सप्टेंबरपासून सबंध कॉलेजचं वसतिगृह ह्याच यंत्राच्या ताब्यात देऊ असं त्या जाहीर करून गेल्या.

ऑरिन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं. तो म्हणाला की सिद्धांत बरोबर आहे, त्याने पुन्हा पहिल्यापासून तपासला. मी म्हटलं, सिद्धांत घाल चुलीत, ती कोपऱ्याची खोली कोणाला नकोय ना, मग खुर्च्या बाहेर काढ आणि तू जाऊन बस.

"मी वाटणारा आहे, लव्हॉन," तो म्हणाला. "वाटणाऱ्याने चांगला तुकडा उचलला की सगळी वाटणी संशयात येते."

"तुला हवी आहे की नाही ती खोली?"

"प्रश्न तो नाहीच आहे."

मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू. चाळीस वर्षं जगाला विचारत हिंडला की तुला काय हवं, आणि स्वतःची वेळ आली की म्हणे प्रश्न तो नाही. मी त्याच्या प्रिंटरचा कागद त्या दिवशी मुद्दाम काढला नाही.

पण तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. सप्टेंबरात सगळी पोरं तळघरात जाऊन झोपतील हे त्याला दिसत होतं. त्याची झोप उडाली होती. आणि उत्तर त्याला सापडलं ते आर्डिसच्या वाढदिवसाला, कॉफीच्या वेळी. आर्डिसने खजुराच्या वड्या करून आणल्या होत्या. तिने ऑरिनपुढे ताटली केली, तो म्हणाला नको. ती म्हणाली घे रे, तो म्हणाला छे छे, आत्ताच जेवलो. ती म्हणाली एवढीशी तर आहे, आणि त्याने घेतली. घेतली आणि तोंडाशी नेलेला हात तिथेच थांबला.

"आर्डिस, तू मला तीनदा का विचारलंस?"

"म्हणजे? पहिल्यांदा विचारल्यावर कोण घेतं?" आर्डिस म्हणाली. "हावरट दिसतं ते."

ऑरिन वडी हातात धरूनच निघून गेला. त्याने साऱ्या जन्मात फक्त जास्त मागणाऱ्यांचा विचार केला होता. मागायला लाजणारी माणसं त्याच्या गणितात नव्हतीच, आणि तो स्वतः त्यांच्यातच जन्मला होता, त्यांच्यातच वाढला होता. ह्याला म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याने यंत्राला आग्रह करायला शिकवलं. आता प्रत्येकाने एकटं बसायचं आणि यंत्र विचारायचं, कोपऱ्याची खोली घ्या ना. माणूस नको म्हणाला की ते मोजायचंच नाही. मग यंत्र म्हणायचं, अहो घ्या, रिकामीच पडलीय. पुन्हा नको आलं की तेही मोजायचं नाही. मग तिसऱ्यांदा, आमच्या मनाला बरं वाटेल, असं म्हणून थांबायचं. माणसाने तिसऱ्यांदा जे लिहिलं तेच खरं. टॅकेटबाईंना वाटलं हे काहीतरी नवीन गणित आहे, त्यांनी लगेच मान डोलावली आणि सुतारांना सांगून ठेवलं की यंत्राने भिंत पाडायला सांगितली तरी पाडा.

तेराच्या तेरा जणांनी पहिल्यांदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हटलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, एवढाच आग्रह असेल तर बरं. शंभरच्या शंभर गुण कोपऱ्याच्या खोलीला. काहीजणांनी तर शंभरावर देता येतात का तेही करून पाहिलं. ऑरिनला कोणी विचारलं नाही. यंत्र बनवणाऱ्याला विचारायची सोय त्या यंत्रात नव्हती.

आता सगळ्यांना पुन्हा एकच खोली हवी, पण पाळ्यांचं काय झालं ते यंत्राला सांगितलेलं. तेव्हा त्याने ऑरिनची सगळ्यांत जुनी रीत काढली, केकची. जी गोष्ट सगळ्यांनाच हवी ती कापायची, आणि अशी कापायची की प्रत्येकाच्या तुकड्यावर तितकंच आयसिंग यावं. सुतार आले. कोपऱ्याच्या खोलीत दारापासून काचेपर्यंत पातळ फळ्या उभ्या करून त्यांनी तेरा पट्ट्या पाडल्या, प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला पडदा आणि दुसऱ्या टोकाला वीतभर तळं.

तिरकं होऊन आत शिरायचं. बसलं की गुडघे समोरच्या फळीला. पाठीला मागच्या फळीपलीकडच्या माणसाची पाठ. गॉर्डी सकाळी कोट, स्वेटर सगळं माझ्याजवळ काढून ठेवायचा, श्वास सोडायचा आणि आत सरकायचा. एकदा आत गेला की दुपारपर्यंत बाहेर नाही. शंका विचारायला आलेली मुलं पडद्याबाहेर रांगेत उभी राहून ओरडायची आणि उत्तर भलत्याच पट्टीतून यायचं. एकजण शिंकला की सगळ्या फळ्या थरथरायच्या. बाकीच्या चांगल्या खोल्या कुलपात, आणि ऑरिन आपला लिफ्टशेजारी. मी विचारलं कसं काय, तर फळ्यांमागून आवाज आले, काही वाईट नाही. आणि खरं सांगायचं तर ह्या वेळी ते खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाला जे हवं होतं ते वीतभर मिळालं होतं आणि दुसऱ्या कोणालाही बोटभर जास्त मिळालं नव्हतं. यंत्राने पोटदुखी मोजली, ती शून्य आली.

टॅकेटबाई एका सकाळी ते पाहायला आल्या. त्यांनी पहिला पडदा सरकवला, दुसरा सरकवला, गॉर्डीच्या पडद्याला हात घातला आणि तिथेच थांबल्या. मग खाली जाऊन कुलपं घातलेल्या खोल्या पाहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजाने फळ्या हलत होत्या. आत्ताच्या आत्ता एका खोलीत एक माणूस बसला पाहिजे, नाहीतर सबंध इमारत मी मृदाशास्त्रवाल्यांना देते आणि तुम्ही जा व्यायामशाळेच्या तळघरात, असं त्या म्हणाल्या. सप्टेंबरची गोष्ट तर त्यांनी काढलीच नाही. ते यंत्र माझ्या नजरेसमोर नको, एवढंच म्हणाल्या. ऑरिन मागे उभा होता. माणसाची जन्माची कमाई अशी भर मजल्यावर बुडताना मी पहिल्यांदाच पाहिली. मला त्याच्याकडे बघवेना.

बैठक बसली. टॅकेटबाईंनी कागदावर खोल्यांची नावं लिहिली आणि विचारलं, कोपऱ्याची कोणाला हवी. गॉर्डी म्हणाला आर्डिसला द्या, ती विभागप्रमुख आहे. आर्डिस म्हणाली छे, मला कशाला, गॉर्डीला मोठी जागा लागते. गॉर्डी म्हणाला त्याच्यापेक्षा वयाने मोठे लोक आहेत. वयाने मोठे म्हणाले की तरुणांना उजेड लागतो. तरुण म्हणाले की नको नको. असं ते गोल गोल फिरत राहिलं, कॉफीचं भांडं रिकामं झालं आणि टॅकेटबाईंच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्या ऑरिनकडे वळल्या. "प्रोफेसर ट्वेट, तुमचं शास्त्र काय सांगतं? कोणाला द्यायची ही खोली?"

ऑरिन उभा राहिला. टेबलावर दोन्ही हात टेकले. कान लाल झाले होते.

"शास्त्र काही सांगत नाही," तो म्हणाला. "ती खोली मला हवी आहे."

 चर्चमध्ये भर प्रार्थनेत कोणी विजार काढून उभा राहिला असता तरी आम्ही इतके ओशाळलो नसतो. त्याला कोणी एकदाही घे म्हटलं नव्हतं. नको म्हणायची संधी सुद्धा दिली नव्हती, आणि हा बाबा थेट हवी म्हणाला. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिले. शेवटी गॉर्डी हळूच म्हणाला, "वेगळंच आहे हं हे." आमच्याकडे ह्याहून वाईट शिवी नाही.

"झालं तर मग, तुमची," टॅकेटबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून टाकलं.

नंतर त्यांनी बाकीच्यांना एकेक करून विचारलं. टेक्सासच्या बाई, त्या एकदाच विचारतात आणि पहिलं उत्तर खरं धरतात. जो म्हणाला कुठलीही चालेल त्याला त्यांनी कुठलीही दिली. गॉर्डीने सवयीने लहान जागाच बरी म्हटलं, त्याला लिफ्टशेजारची गेली. आर्डिस अजून धक्क्यातच होती. ती म्हणाली, "माझं काय, मला पंपाची सुद्धा चालेल." बाईंनी लिहिलं, पंपाची, क्वाम. आर्डिसने तोंड उघडलं आणि वाट पाहिली. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. तोवर बाई कोट घालत होत्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फळ्या निघाल्या, ऑरिनने आपलं डुगडुगणारं टेबल काचेशी लावलं. कोणी त्याला वाईट बोललं नाही. दारावरून जाताना थांबायचे आणि म्हणायचे, छान उजेड येतो हं तुमच्याकडे, आणि पुढे जाऊन नाक मुरडायचे. ऑरिन म्हणायचा, हो, छान येतो. एवढंच. या बसा नाही, तुम्हाला हवी होती का नाही, माफ करा तर नाहीच नाही. माझ्या सुद्धा पोटात दुखलं, लपवून काय करू. ह्याला हवंय म्हणायला जमतं, मग आम्ही सगळे जन्मभर काय मूर्ख म्हणून तोंड शिवून बसलो होतो? मी त्याची डाक मुद्दाम उशिरा द्यायला लागले.

मग एक दिवस भोंगा वाजला. मी डाक घेऊन वर जातच होते. जिन्यात माझ्यापुढे आर्डिस, गमबूट घातलेली, पायरीपायरीवर पाण्याचे ठसे उठवत. ती सरळ ऑरिनच्या दारात जाऊन उभी राहिली. आत ऑरिन काचेशी बसला होता आणि पलीकडे पूल वर उचलला जात होता.

"छान उजेड आहे," आर्डिस म्हणाली.

"आर्डिस, तुला पंपाची खोली नको होती."

"नव्हती."

"मग तू चालेल कशाला म्हणालीस?"

"मला वाटलं, विचारतील पुन्हा."

ऑरिनने तिच्याकडे वळून पाहिलं. जहाज पुलाखाली शिरत होतं तरी वळून पाहिलं. "तुला कुठली हवी होती?"

आर्डिसला फार वेळ लागला.  

"हीच," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. हीच हवी होती मला."

मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार. उठून म्हणणार, घे बाई, तुझीच, मला काय लिफ्टशेजारची सवय आहे. चाळीस वर्षं तेच तर करत आला होता. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले मला दिसले.

"ही माझी आहे," ऑरिन म्हणाला. "जूनपर्यंत माझी आहे. त्यानंतर तू मागून घे, पण तोंडाने माग. आत्ता जहाज बघायचं असेल तर बस."

आर्डिसने नको म्हटलं नाही. आत्ताच चालले होते असंही म्हटलं नाही. गमबूट दारात काढले, ओल्या मोज्यांनी आत गेली आणि दुसरी खुर्ची ओढून बसली.  जहाज लांबलचक होतं, ते सरता सरेना.

मी डाक उंबऱ्यावर ठेवली, दार ओढून घेतलं आणि जिन्याकडे निघाले. मला कोणी बस म्हटलं नव्हतं. दोन पायऱ्या उतरले असेन नसेन, माझा मलाच असा राग आला की मी तशीच उलटी फिरले आणि दार सरळ उघडलं.

"मलाही बघायचंय," मी म्हटलं.

"मग खुर्ची घेऊन ये," ऑरिन मान न वळवता म्हणाला.

मी आणली.